लहान इंजिन, मोठं इंजिन, एकच शर्यत

रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवणारे लोक आपल्याकडे मोठी शहरं सोडली तर तुरळकच. एखाद्या तालुक्याच्या परिसरात दहा-बारा जण असले तरी पुष्कळ. प्रत्येकाचं विमान वेगळं आणि इंजिन वेगळं. कुणी बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून स्वतः बांधलेलं, कुणी तयार आणलेलं, कुणाचं फोमचं आणि बॅटरीवरचं. अशा मंडळींची शर्यत भरवायची ठरली की जागेच्याही आधी वाद सुरू होतो तो इंजिनांवरून: लहान-मोठ्या इंजिनांना एकाच शर्यतीत घ्यायचं की नाही?

या वादाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंना या छंदाची काळजी आहे. त्या नीट ऐकू याव्यात म्हणून मी त्या दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. मामा जुने, साठीच्या पुढचे, शिस्तीने शर्यत घेण्याच्या मताचे. भाची मशीन डिझाइनचं काम करते आणि तिला सगळ्यांना एकाच मैदानावर आणायचं आहे. पात्रं कल्पित असली तरी वाद खरा आहे.

एक खुलासा आधीच करतो. या छंदात इंजिनाचा आकार घनइंचाच्या शंभराव्या भागांत सांगतात. पंधराचं म्हणजे अडीच सीसी, पंचवीसचं म्हणजे सुमारे ४ सीसी, चाळीसचं साडेसहा, शेहेचाळीसचं साडेसात आणि साठचं १० सीसी.

भाची : मामा, बारा जणांनी नावं दिली आहेत. शेहेचाळीसची तीन, चाळीसची दोन, पंचवीसची तीन, पंधराचं एक, साठचं एक आणि दोन इलेक्ट्रिक. जानेवारीत, सकाळच्या शांत हवेत शर्यत घेऊ या. सगळ्यांची एकत्र.

मामा : एकत्र कशी घेशील? अगं, शर्यत म्हणजे उडवणाऱ्याच्या हाताची परीक्षा. ती व्हायची तर यंत्रं सारखी हवीत. जागतिक पातळीवर पायलन शर्यतीचा एफ-थ्री-डी नावाचा वर्ग आहे तो बघ. तीन खांब, ४०० मीटरची फेरी, १० फेऱ्या, म्हणजे ४ किलोमीटर. अव्वल उडवणारे हे अंतर मिनिटाच्या आत कापतात. तिथे इंजिनाच्या आकाराला वर्षानुवर्षं एकच मर्यादा राहिली, चाळीसच्या घरातली. म्हणून तिथे कुणी जिंकलं तर ‘त्याचं इंजिन मोठं होतं’ असं म्हणायला जागाच उरत नाही.

भाची : ती जगभरातून निवडून आलेल्यांची स्पर्धा आहे. आपण तालुक्यातले बारा जण.

मामा : मग क्लबातल्या साध्या लोकांसाठी अमेरिकेत निघालेला क्विकी ५०० हा वर्ग घे. पंखाचं क्षेत्रफळ ५०० चौरस इंच, पेटीसारखं साधं शरीर, इंजिन चाळीसचं. कुणीही घरी बांधू शकेल असं विमान. तिथेही विचार हाच होता की यंत्रावरचा खर्च आवरला की शर्यत हातांची होते. आपणही वर्ग पाडू. चाळीस-शेहेचाळीसचा एक, पंचवीसचा एक, इलेक्ट्रिकचा एक.

भाची : आणि पंधराचं? साठचं? ती दोघं एकेकटी उडतील आणि एकेकटीच पहिली येतील. इलेक्ट्रिकच्या वर्गात दोघं, म्हणजे दोघांनाही बक्षीस. बारा जणांत पाच वर्ग पाडलेस तर त्यातल्या तीन वर्गांत शर्यतच होणार नाही. वर्ग पाडायला आधी तेवढी विमानं लागतात.

मामा : मग सगळ्यांनी एकाच प्रकारचं विमान घ्यावं. दोन वर्षांनी का होईना, चांगली शर्यत होईल.

भाची : दोन वर्षांत निम्मे लोक छंद सोडतील. पंचवीसवाल्या तिघांत एक मुलगा आहे, डिप्लोमाला. त्याने जुनं इंजिन मिळवलं, बाल्सा आणि पारदर्शक फिल्म आणून विमान स्वतः उभं केलं. त्याला ‘शेहेचाळीसचं घेऊन ये’ म्हटलं तर तो पुन्हा येणार नाही. स्थानिक शर्यत ही असलेल्या माणसांची असते, मामा. आहेत ती विमानं उडवून बघायची आणि एकमेकांकडून शिकायचं, यासाठीच ती घ्यायची.

मामा : हे मला पटतं. पण त्याला शेहेचाळीसच्या शेजारी एका रेषेवर उभं करणं हा त्या मुलावरच अन्याय आहे. तो दर फेरीला मागे पडणार आणि हिरमुसून घरी जाणार.

भाची : किती मागे पडेल, ते आधी मोजू या. आपल्याला वाटतं की दुप्पट इंजिन म्हणजे दुप्पट वेग. तसं नसतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. बाकी सगळं सारखं ठेवून शक्ती दुप्पट केली, तरी वेग जेमतेम सव्वापट होतो. शिवाय सीसीवरून शक्तीही नीट कळत नाही. ओएस कंपनीची दोन शेहेचाळीस घे. साध्या बुशवर फिरणारं एलए सुमारे १.२ अश्वशक्तीचं आणि बॉल बेअरिंगचं एएक्स दीडच्या पुढचं. आकार दोघांचा साडेसात सीसीच. तुझ्या वर्गात ही दोन्ही शेजारी उभी राहतील आणि आपण त्यांना सारखी म्हणू. आणि इलेक्ट्रिक मोटरला तर सीसीच नसतात. तिला कुठे बसवणार?

मामा : प्रॉपने, म्हणजे पुढच्या पंख्याने, बसवता येतं. आम्ही तेच करायचो. सगळ्यांना एकच प्रॉप द्यायचा, समज १० बाय ६, म्हणजे १० इंच व्यासाचा आणि सहा इंच पिचचा. सहा इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप फार तर सहा इंच पुढे जाणार. मिनिटाला १२ हजार फेरे झाले तर ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग. इंजिन कितीही जोरकस असो, प्रॉप त्याला लगाम घालतो.

भाची : एका वर्गात हा नियम फारच चांगला, आणि स्वस्तही. पण १० बाय ६ पंचवीसला झेपणार नाही, इंजिन दमेल. त्याला ९ बाय ५ लागणार, आणि ते १३ हजार फिरलं तर शंभराच्या जरा आत राहील. साठला १० बाय ६ लावला तर ते भलतंच सुसाट फिरून खराब होईल. म्हणजे प्रॉपने वेगाचा फरक कमी होतो, पण मिटत नाही.

मामा : मग मिटणार कशाने?

भाची : थोडा मैदानाने आणि उरलेला घड्याळाने. आधी मैदानाचं सांगते. आपली फेरी दोन खांबांची असेल. एक विमान सेकंदाला ३० मीटर जाणारं, दुसरं २५ मीटर. वेगात २० टक्क्यांचा फरक. पण वळताना वेगवान विमानाला मोठं वर्तुळ घ्यावं लागतं. दोघांनी वळणावर सारखाच, म्हणजे वजनाच्या चौपट भार सोसला, तर जलद विमानाची त्रिज्या सुमारे २४ मीटर येते आणि सावकाश विमानाची साडेसोळा. एका फेरीत दोन अर्धवर्तुळं. म्हणजे जलद विमान प्रत्येक फेरीला जवळजवळ ४५ मीटर जास्त उडतं.

मामा : हं. पुढे?

भाची : खांबांमधली सरळ वाट १८० मीटरची ठेवली तर जलद विमानाची फेरी १७ सेकंदांची आणि सावकाश विमानाची साडेअठराच्या थोडी वर. फरक नऊ टक्के. तीच वाट १०० मीटरची ठेवली तर ११.६ आणि १२.१ सेकंद. फरक चार टक्क्यांवर आला. आखूड फेरीत वळणं जास्त मोजली जातात, आणि वळण हलक्या विमानाला आणि चांगल्या हाताला साथ देतं. लांब फेरी मोठ्या इंजिनाची आहे. आपण आखूड फेरी घ्यायची.

मामा : हा हिशेब कागदावर नेटका आहे. प्रत्यक्षात दणकट पंखाचा जलद गडी चौपटीऐवजी आठपट भार घेऊन वळेल आणि तुझे ४५ मीटर वाचवेल.

भाची : वाचवू दे. त्यात त्याच्या हाताचं आणि बांधणीचं कौशल्य आहे. मला कौशल्याला बांध घालायचा नाही, फक्त इंजिनाचा वरचष्मा कमी करायचा आहे. उरलेल्या फरकासाठी सवलतीची सुरुवात. सावकाश विमान आधी सोडायचं, जलद नंतर. शेवटच्या रेषेवर सगळे जवळजवळ एकदम पोचतील. इंग्लंडमध्ये किंग्ज कप ही खऱ्या विमानांची शर्यत १९२२पासून याच तत्त्वावर चालत आली आहे. लहानमोठी, जुनीनवी विमानं एकाच शर्यतीत आणि प्रत्येकाला त्याच्या वेगानुसार सवलत. १९३० साली विनिफ्रेड ब्राउन ही तरुणी अव्ह्रो एव्हियन नावाच्या हलक्या विमानातून ती शर्यत जिंकली. किंग्ज कप जिंकणारी ती पहिली स्त्री. तिच्याहून मोठ्या इंजिनांची विमानं त्या दिवशी हवेत होतीच. वर्ग पाडून शर्यत घेतली असती तर त्या सगळ्यांच्या पुढे तिचं नाव लागलं नसतं.

मामा : आता माझं ऐक. इतका वेळ तू न्यायाचं बोललीस, मी सुरक्षिततेचं बोलतो. सवलतीची सुरुवात नीट जमली तर काय होतं? सगळी विमानं शेवटच्या खांबाशी एकाच वेळी येतात. म्हणजे तुझा हिशेब जितका अचूक, तितकी शेवटच्या वळणावर गर्दी जास्त. किंग्ज कपचा वैमानिक स्वतः विमानात बसलेला असतो, शेजारचं विमान त्याला दिसतं. आपला माणूस जमिनीवर उभा असतो. शंभर मीटरवरच्या दोन आकृत्यांमधली कोणती पुढे आणि कोणती मागे, हे त्याच्या डोळ्यांना कळत नाही. एकावर एक आलेली दिसतात आणि पुढच्या क्षणी खरोखर आदळतात.

भाची : टक्कर तर सारख्या वेगाच्या विमानांचीही होते.

मामा : होते. पण सारख्या वेगाची विमानं एकमेकांपासून जितकी लांब सुटली तितकीच लांब राहतात. मिश्र वेगात मागून गाठणं हे ठरलेलंच. आणि आदळल्यावर काय पडतं ते बघ. सव्वा किलोचं पंचवीसवालं सेकंदाला २५ मीटरने येत असेल तर त्यात सुमारे ४०० ज्यूल ऊर्जा असते. सव्वादोन किलोचं शेहेचाळीसवालं ३० मीटरने आलं तर १ हजार ज्यूल. वजन दुपटीच्या आत आणि वेग थोडासाच वाढतो, तरी तडाखा अडीचपट होतो. समोरून फिरणारा प्रॉप वेगळाच. गावाकडे विमान उडालं की अर्धा गाव बघायला येतो, पोरं रेषेच्या पुढे येऊन बसतात. एक अपघात झाला की ते मैदान आपल्याला पुन्हा मिळणार नाही, आणि ज्याला लागेल त्याचं नुकसान आपण भरून देऊ शकणार नाही. म्हणून माझं म्हणणं, हवेत मिश्रण नको.

भाची : हे मला नाकारता येत नाही. शेवटच्या खांबाशी गर्दी आपल्याच नियमामुळे होईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग तुझ्याकडे वाट आहे का? वर्ग सोडून सांग.

मामा : आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा शर्यत बघितलीयस ना? तिथे एका वेळी एकच बारी सुटते. शेजारी दुसरा गाडा नसतो. घड्याळ सेकंद मोजतं, आणि ठरलेल्या सेकंदांच्या आत आलेल्या सगळ्या बाऱ्या पहिल्या नंबरात, त्यानंतरच्या दुसऱ्या नंबरात. तरी घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं दाटीने उभी असतात. एकट्या बारीची शर्यत फिकी पडते असं तिथे कुणी म्हणत नाही. आपणही एकेक विमान उडवू. घड्याळ सगळ्यांना सारखं.

भाची : घड्याळ मान्य. पण एकेकटं उडवण्याने एक गोष्ट हरवते, मामा. दुसरं विमान हवेत असताना आपला हात थरथरतो, खांब जवळून घ्यावा की लांबून याचा निर्णय बदलतो. ते दडपण सोसायला शिकणं हाच शर्यतीचा निम्मा धडा आहे. आणि बारा जणांना तीन-तीन वेळा एकेकटं उडवायचं म्हटलं तर सकाळ पुरणार नाही, अकराला वारा सुटतो.

मामा : दोन विमानं एकत्र, पण मागून गाठणं नाही, असं काही जमेल तुला?

भाची : थांब, जमेल. दोघांनी अर्ध्या फेरीच्या अंतराने सुरुवात करायची. एक विमान आपल्या जवळच्या वाटेवर असेल तेव्हा दुसरं पलीकडच्या वाटेवर. दोन वाटांमध्ये वळणाच्या दुप्पट त्रिज्येइतकं, म्हणजे तीस-चाळीस मीटरचं अंतर आपोआप राहतं. १० फेऱ्या उडवायच्या आहेत. दोघांच्या फेरीच्या वेळेत पाच टक्क्यांचा फरक असला तर १० फेऱ्यांत जलद विमान बरोबर अर्धी फेरी कमावेल, म्हणजे अगदी शेवटी गाठेल. म्हणून जोडी लावताना फरक पाच टक्क्यांच्या बराच आत ठेवायचा. तीनाच्या आत ठेवला तर गाठण्याचा प्रश्नच उरत नाही.

मामा : आणि ही जोडी कशावरून लावणार? इंजिनावरून?

भाची : नाही. सरावाच्या दिवशी मोजलेल्या वेळेवरून. एलएवालं शेहेचाळीस आणि हलकं, छान वळणारं पंचवीस यांची जोडी जमूही शकते. साठवाल्याची जोडी एखाद्या तिखट इलेक्ट्रिकशी जमेल. ज्याची कुणाशीच जमणार नाही तो एकटा उडेल, तुझ्या बारीसारखा. निकाल घड्याळाचाच असल्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. हवेत सारख्या वेगाचे दोघं आणि फळ्यावर सगळे बारा.

मामा : फळ्यावर सगळे बारा म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. साठवाला ११० सेकंदांत येणार, पंधरावाला १५० सेकंदांत. पहिला कोण?

भाची : प्रत्येकाची स्वतःशी तुलना. सरावाच्या दिवशी प्रत्येकाने १० फेऱ्या दोनदा उडवायच्या. त्यातली चांगली ती त्याची नोंदवेळ. शर्यतीच्या दिवशी आलेली वेळ भागिले नोंदवेळ, गुणिले शंभर. नोंदवेळ १२० सेकंद आणि शर्यतीत ११८ आले तर गुण ९८.३. १२५ आले तर १०४.२. ज्याची तीन उड्डाणांची बेरीज सगळ्यात कमी, तो पहिला.

मामा : आणि सरावाच्या दिवशी कुणी मुद्दाम सावकाश उडवलं तर? सवलतीच्या शर्यतीची ही जुनी कीड आहे. ज्याने प्रामाणिकपणे थ्रॉटल पूर्ण दिला तो हरतो आणि ज्याने हात राखला तो कप नेतो.

भाची : म्हणून खाली मर्यादा. ९७च्या खालचा गुण कुणालाच नाही. हात राखून नोंदवेळ २० सेकंदांनी वाढवली तरी फायदा तीन टक्क्यांपुरताच. आणि शर्यतीत चांगली वेळ आली की तीच पुढच्या उड्डाणासाठी नोंदवेळ ठरेल. लबाडी एकदाच चालेल, तीही थोडीशीच.

मामा : तरीही तीन टक्के हा त्याला मोठा फायदाच आहे. नेटक्या माणसाला नोंदवेळेची बरोबरी साधणंही जड जातं. आणि खरोखर सुधारलेल्या माणसाचं काय? कार्बुरेटरच्या सुईची सेटिंग आदल्या रात्री नीट लागली आणि तो पाच टक्क्यांनी वेगवान झाला, तर तू त्याला तीनच देणार.

भाची : हो, त्या एका उड्डाणापुरते तीनच. हा या पद्धतीतला उणेपणा आहे आणि तो मी झाकत नाही. म्हणून दुसरी नोंदही ठेवू. दिवसातली सगळ्यात जलद एक फेरी, कुठल्याही सवलतीशिवाय. तिचा मान वेगळा. सुधारलेल्या माणसाचं नाव तिथे दिसेल. आणि लबाडीसाठी नियमाइतकाच उपयोग गावाच्या नजरेचा. बारा जण एकमेकांना ओळखतात. कोण थ्रॉटल राखतंय ते आवाजावरून सगळ्यांना कळतं.

मामा : मग माझ्याही अटी घे. पहिली, सरावाच्या वेळा आणि शर्यत दिवसाच्या एकाच प्रहरात. जानेवारीत पहाटे १२ अंश आणि दुपारी ३० अंश असलं तर हवा सहा टक्क्यांनी विरळ होते. पहाटेची नोंदवेळ घेऊन दुपारी उडवणारा उगीच हरेल.

भाची : मान्य. सगळं सकाळी, अकराच्या आत.

मामा : दुसरी, प्रत्येक खांबाशी एक निशाणवाला, डोक्यावर हेल्मेट. खांबाच्या आतून वळण घेतलं की निशाण वर. एका चुकीला वेळेत दहा टक्के भर, दोन चुका झाल्या तर ते उड्डाण बाद. आणि निशाणवाला खांबाच्या बुडाशी उभा राहणार नाही. लांब, बाजूला, खांबाच्या ओळीत.

भाची : दहा टक्के म्हणजे जवळजवळ एक फेरी. योग्य आहे. खांबाला घासून जाण्याचा मोह त्याने आटोक्यात राहील.

मामा : तिसरी अट प्रेक्षकांची. डाव्या वळणाची फेरी असते. आपल्या जवळच्या वाटेवर विमान डावीकडून उजवीकडे जातं, उजव्या खांबाला आपल्यापासून दूर वळतं. पलीकडच्या वाटेने परत येतं आणि डाव्या खांबाला आपल्या दिशेने वळतं. कुणाचा हात चुकला, रिसीव्हरने दगा दिला, तर त्या डाव्या टोकाहून विमान सरळ आपल्या अंगावर येऊ शकतं. म्हणून त्या टोकाच्या मागे एकही माणूस नको, गाडी नको, चहाची टपरी नको. प्रेक्षक एकाच बाजूला, जवळच्या वाटेपासून किमान ७५ मीटर मागे आणि उजवीकडे सरकून. दोरी बांधायची आणि दोरीवर दोन माणसं ठेवायची, ज्यांनी विमानाकडे बघायचंच नाही. आणि विमान दोरीच्या वर आलं की थ्रॉटल बंद, उड्डाण बाद, मग तो कुणीही असो.

भाची : हे मी पहिल्या पानावर लिहीन. आणि इंधनाचं? मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही.

मामा : म्हणून इंधनाचं टेबल वेगळं, सावलीत, अग्निशामकासह. मिथेनॉल विष आहे, डबा पोरांच्या हाती जाता कामा नये. लायपो बॅटरीसाठी वाळूची बादली. प्रत्येक विमानाचा फेल-सेफ तपासायचा. विमान धरून ठेवायचं, ट्रान्समिटर बंद करायचा, इंजिन आपोआप मंद झालं पाहिजे, मोटर थांबली पाहिजे. नाही झालं तर त्या दिवशी ते विमान जमिनीवर.

भाची : परवानगीचं मी बघते. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. पण कुठे उडवायचं हे नकाशा ठरवतो. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. आपली शर्यत शंभर फुटांच्या आतच होईल. तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपल्या मैदानाचा रंग बघायचा, दोन किलोच्या वरच्या विमानांना काय लागतं ते वाचायचं आणि ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, जमीनमालक या तिघांना लेखी कळवायचं.

मामा : लेखीच. तोंडी होकार शर्यतीच्या सकाळपर्यंत टिकत नाही.

भाची : म्हणजे तुला आता पद्धत मान्य आहे?

मामा : बरीचशी. एका गोष्टीवर मी अजून ठाम आहे. स्वतःच्या वेळेशी तुलना करून निघालेला पहिला आणि शेजारच्याला मागे टाकून आलेला पहिला, हे दोन वेगळे आहेत. पोरांनी दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीची हाव धरली पाहिजे. सारखी विमानं घेऊन, एकाच वेळी सुटून, आधी रेषेवर येणं. त्याची चव तुझ्या भागाकाराला येत नाही.

भाची : नाही येत. पण त्या शर्यतीला लागणारी माणसं या शर्यतीतून येतील. पंचवीसवाले तिघं तीनदा एकमेकांची वळणं बघतील, कुणाचा प्रॉप बरा चालला ते विचारतील. पुढच्या वर्षी त्यांचे दोन मित्र पंचवीसच बांधतील, कारण मदत करायला इथे माणसं आहेत. पाच सारखी विमानं झाली की तुझा वर्ग सुरू. ते नियमातच लिहू. एका प्रकारची पाच विमानं आली की त्यांची शर्यत स्वतंत्र, तुझ्या पद्धतीने, प्रॉपच्या अटीसह.

मामा : लिही. आणि एक वाक्य त्याच्या वर लिही. वेळा मोजल्याशिवाय कुणालाही दुसऱ्याबरोबर हवेत सोडायचं नाही. आलेला माणूस कितीही मोठा असो.

भाची : ते पहिलं कलम. मग सरावाचा दिवस शर्यतीच्या दोन आठवडे आधी ठेवू. त्या दिवशी बक्षीस नाही, पाहुणे नाहीत, फक्त खांब, निशाणं आणि दोन घड्याळं.

मामा : दोन नकोत, चार. शर्यतीत दोन विमानं हवेत असतील, तेव्हा प्रत्येक विमानाला दोन मोजणारे आणि दोघांची सरासरी. घड्याळावरच सगळं उभं करतेस, तर घड्याळाबद्दल भांडण होऊ देऊ नकोस. मोजणारी माणसं मी शिकवतो. आणि त्या डिप्लोमावाल्या मुलाला आदल्या रविवारी माझ्याकडे पाठव. त्याच्या फेल-सेफची तपासणी आधी करू आणि सुई कशी लावायची तेही दाखवीन. नोंदवेळ त्याने त्यानंतरच द्यावी, म्हणजे जी वेळ लागेल ती त्याच्या विमानाची खरी वेळ असेल.